गोव्यात फिश टँकसाठी विहिरीचं पाणी चालतं का? आमची विहीर डिचोलीत आहे, गप्पी पाळायचे आहेत.

चालतं, पण उपसल्या उपसल्या टँकमध्ये ओतू नका. बादलीत एअर पंप लावून एक दिवस ठेवा. विहिरीच्या पाण्यात सहसा क्लोरीन नसतं हा फायदाच, मात्र त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. शिवाय जांभ्या दगडातलं पाणी सहसा मृदू, किंचित आम्लधर्मी. टेट्रा माशांना ते मानवतं, गप्पी-मोलींना कठीण, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी हवं. त्यावर उपाय स्वयंपाकघरातच आहे: खाऊन उरलेल्या तिसऱ्यांच्या शिंपल्या उकळून, स्वच्छ घासून फिल्टरमध्ये टाका, पीएच घसरत नाही, म्हणजे पाणी आणखी आम्लधर्मी होत नाही. एका वेळी पाव टँकच पाणी बदला. एखादी विहीर खाडीकाठची असेल आणि मे महिन्यात मचूळ लागत असेल, तर तेवढे दिवस नळाचंच पाणी क्लोरीन काढून वापरलेलं बरं.