ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनाचा मोठा आवाज का येतो?

तुम्ही विचारलंय की नऊ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक सावकाश नेली तर गप्प असते, पण ओव्हरटेकला किंवा चढावर ॲक्सिलरेटर दाबला की जोरात घरघरते, आणि गॅरेजवाला इंजिन उघडायला निघालाय. इतक्यात उघडू देऊ नका.

आवाज इंजिनाच्या वेगामागे धावतो की गाडीच्या, ते आधी बघा. गाडी न्यूट्रलला उभी करून रेस द्या. तेव्हाही घरघर वाढली तर ती इंजिनाची किंवा सायलेन्सरच्या लाइनची. उभ्या गाडीत काहीच नसेल, तर मोकळ्या सरळ रस्त्यावर 60 च्या वेगात क्षणभर क्लच दाबा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) पडूनही आवाज तसाच राहिला, तर इंजिनाचा काही दोष नाही. टायर नाहीतर व्हील बेअरिंग बघा.

माझा पहिला संशय सायलेन्सर लाइनवर आहे. लोड आला की धूर जास्त दाबाने बाहेर पडतो, म्हणून छोटीशी फटसुद्धा फक्त पिकअप घेताना ऐकू येते. रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी फिरत असेल तर सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साठतं आणि पत्रा आतून गंजतो. जाळीचा फ्लेक्झिबल पाइप तर आपल्याकडच्या स्पीडब्रेकरांवर घासूनच अर्धा होतो. सकाळी गार इंजिन सुरू करून बॉनेट उघडा. मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनातून धूर जिथे पाइपात येतो तिथे, टक-टक येत असेल आणि इंजिन तापल्यावर ती कमी होत असेल, तर तिथल्या सांध्याचं गॅस्केट गेलंय. नुसता झणझणाट असेल तर हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणारा, पत्रा सुटला असेल. क्लॅम्प मारला की काम झालं. मात्र केबिनमध्ये धुराचा वास येत असेल तर चालढकल नको. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि त्याला स्वतःचा वास नसतो.

फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये, डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येत असेल तर ते नॉकिंग, म्हणजे पेट्रोल आत नीट न जळता धडाधड पेटणं. गिअर खाली घ्या. थांबला तर सवय बदला. ताम्हिणी घाट चौथ्यात चढवायचा हट्ट कशाला? तरीही राहिला तर स्पार्क प्लग आणि आत साठलेला कार्बन तपासून घ्या.

आरपीएम चढतो पण गाडी पुढे सरकत नाही? क्लच प्लेट. ॲक्सिलरेटरवरून पाय काढताना धक् करून हादरा बसतो? इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते माउंटिंग. सर्व्हिसिंगनंतर लगेच पोकळ घोंघों सुरू झाली असेल तर एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप नीट बसली आहे का बघा. हे फार वेळा होतं, आणि त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

गॅरेजवाल्याचं म्हणणं एका बाबतीत खरं ठरू शकतं: रेससोबत खोल, जड ठोके येत असतील आणि ऑइलचा लाल दिवा लागत असेल तर. तेव्हा गाडी जागच्या जागी बंद करा, डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) ऑइल बघा आणि टो करूनच न्या.