बेळगावहून एका दिवसात छोट्या गाडीने घाट आणि जंगल: कुठला रस्ता धरावा?

ऑक्टोबर महिना, छोटी गाडी, सोबत वयस्क आई-बाबा, जंगलातला रस्ता हवा आणि रात्री घरी परतायचं, असं तुम्ही विचारलंय. चोर्ला घाटाने गोव्यात उतरा आणि तिलारी घाटाने परत वर चढा. उलट फेरी करू नका.

तिलारीचा घाट उभा आहे आणि वळणं अगदी आखूड. उतरताना ब्रेकवर पाय ठेवून राहिलं की पॅड तापतात, करपल्याचा वास येतो. तरी दाबतच राहिलात तर ब्रेक ऑइल उकळतं, पेडल खाली बसतं आणि गाडी आवरत नाही. चढताना हीच गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये बिनबोभाट वर येते, फक्त एसी बंद ठेवा. चोर्ल्याचा उतार त्यामानाने सौम्य आहे, पण तिथेही दुसऱ्या गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक असेल तर 'एल' (खालचा गिअर) किंवा मॅन्युअल मोड लावा.

मार्ग असा: बेळगाव, पिरनवाडी, किणये, कुसमळी, जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, केरी, साखळी, डिचोली, दोडामार्ग, तिलारीनगर, पाटणे फाटा, शिनोळी, बेळगाव. साधारण २०० किलोमीटर. पेट्रोल शहरातच भरा. जांबोटीनंतर मोबाइलची रेंज येते-जाते, म्हणून नकाशा आधी उतरवून ठेवा. पावसाने खाल्लेले खड्डे ऑक्टोबरात नुकतेच बुजवलेले असतात, त्यावरची सुटी खडी वळणावर घसरवते. टायरची नक्षी ३ मिलिमीटरपेक्षा कमी उरली असेल तर आधी टायर बदला.

कणकुंबीला माउली मंदिरापाशी जरूर थांबा. मलप्रभेचा उगम इथला. ही नदी पूर्वेला कृष्णेला मिळते, तर याच खानापूर तालुक्यात उगम पावणारी म्हादई पश्चिमेला जाऊन पणजीपाशी समुद्र गाठते. एवढ्याशा टापूत पाणी दोन दिशांना फुटतं, हे आई-बाबांना तिथे उभं राहून सांगण्यासारखं आहे.

जांबोटी ते चोर्ला या पट्ट्याला लागूनच भीमगड अभयारण्य आहे. गवा, सांबर, अस्वल, शेकरू, धनेश सगळे आहेत, पण रस्त्यावरून दिसतीलच असं धरून चालू नका. त्यातल्या त्यात शक्यता गव्याची, पहाटे आणि संध्याकाळी. अंग काळं असल्यामुळे अंधारात तो दिव्यांच्या उजेडातही उशिरा दिसतो. आधी नजरेत भरतात ते गुडघ्याखालचे पांढरे पाय. तसं काही हललं की ५० मीटर अलीकडेच थांबा, दिवे डिपरवर (खालच्या झोतावर), हॉर्न नाही. एक गवा रस्ता ओलांडून गेला म्हणजे कळप गेला असं नाही, पिल्लं मागून येतात. मधे गाडी घातलीत तर मादी अंगावर येऊ शकते. फोटोसाठी खाली उतरायचं नाही, आणि वानरांना काहीही खायला घालायचं नाही. खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर येऊन बसतात आणि गाडीखाली मरतात.

धुकं लागलं तर हेडलाइट डिपरवर ठेवा. अप्परचा (वरच्या झोताचा) उजेड धुक्यावर आपटून तुमच्याच डोळ्यात येतो. चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावू नका, वळणार कुठे ते मागच्याला कळत नाही. काच आतून धुरकट झाली तर एसी लावून हवा काचेवर सोडा.

खानापूर–हेम्माडगा–अनमोड हा रस्ता कुणीतरी सुचवेलच. तो थेट अभयारण्यातून जातो, सुंदर आहे, पण अरुंद आहे आणि जोराच्या पावसात हलात्री नाल्यावर पाणी चढलं की बंद. आई-बाबांसोबत, छोट्या गाडीत, यावेळी नको.

सकाळी सातला निघा. शनिवार-रविवार टाळा, गोव्याची गर्दी चोर्ल्यातच तुंबते. दुपारी चारपर्यंत तिलारीच्या वर यायलाच हवं, कारण ऑक्टोबरात सहाच्या सुमारास अंधारतं आणि पाटणे फाट्याच्या पुढे वेगळीच काळजी सुरू होते. उसाचा हंगाम लागला असेल तर दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे लाल दिवा नसतो. तिथे वेग ४० वर ठेवा आणि समोरचा रस्ता स्वच्छ दिसल्याशिवाय ओव्हरटेक करू नका.