फोनवरच्या "करून टाका"वर जाऊ नका मॅडम

मॅडम, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि सकाळी परत एकदा वाचली. सप्टेंबर २०२५ च्या पुरात कॉम्प्युटर लॅबमध्ये पाणी, निम्मी पोरं कितीतरी दिवस गावाकडंच चिखल उपसत होती, दिवाळीनंतर काही जण आईबापासोबत ऊसतोडीला गेले ते गेलेच, विभागात तुम्ही एकट्या पर्मनंट आणि बाकी दोघं सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, त्यात सेकंड इयरचा फील्ड प्रोजेक्ट आणि कुठली कंपनी पोरांना गेटच्या आत घ्यायला तयार नाही. हे सगळं ओळखीचंच वाटलं, पण मी अडकलो ते तुमच्या शेवटच्या ओळीवर. "ऑफिसला फोन केला होता, ते म्हणाले परिस्थिती बघून अ‍ॅडजस्ट करा, तर मी गावातल्या गावात प्रोजेक्ट द्यायलेय, चालेल ना?"

चालेल. चांगलाच होईल. पण फोनवर विसंबून पुढं एक पाऊल टाकू नका. ह्याच एका गोष्टीवर आमचं २०२०-२१ चं वर्ष वाया गेलं, म्हणून एवढं लांबलचक लिहायलोय. ग्रुप कसा बनवा, मीटवर लेक्चर कसं घ्या हे सांगत बसत नाही, ते आता पोरांनाच आपल्यापेक्षा जास्त येतं.

आधीच सांगतो, मी वकील नाही, सीए नाही, विद्यापीठाच्या कुठल्या कमिटीवर नाही. दोन जिल्ह्यांच्या हद्दीवरच्या एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो एवढंच. कुठलं कॉलेज आणि कुठलं ऑफिस ते विचारू नका, सांगणार नाही.

तर झालं असं. आमच्याकडं थर्ड इयरला प्रोजेक्ट असायचा आणि रिवाज असा की पोरांनी एमआयडीसीत, नाहीतर एखाद्या डाळ मिलमध्ये, बँकेत, साखर कारखान्यात आठ-दहा दिवस जायचं, तिथलं प्रमाणपत्र आणायचं आणि झेरॉक्सवाल्याकडून रिपोर्ट बाइंड करून द्यायचा. खरं बोलायचं तर त्यातले निम्मे रिपोर्ट मागच्या बॅचचेच असायचे, नाव बदललेले. २०२० च्या मार्चमध्ये सगळं बंद झालं. जूनमध्ये काही होईल, दिवाळीनंतर होईल असं करत करत १५ फेब्रुवारी २०२१ ला निम्म्या उपस्थितीनं कॉलेजं उघडायला परवानगी आली, आणि वर्गातले बाक पुसून होईपर्यंत दुसरी लाट. कंपन्या तर स्वतःच्याच कामगारांना आत घेताना ताप मोजायल्या, आमची पोरं कोण घेणार.

मग मी डोकं लावलं की ज्याच्या त्याच्या घरी किंवा गल्लीत जो धंदा आहे त्याचाच प्रोजेक्ट. किराणा, पिठाची गिरणी, दूध संकलन, कृषी सेवा केंद्र, शिलाई, काय असेल ते. एक महिना रोजमेळ म्हणजे रोजची जमा-खर्चाची वही स्वतः लिहायची, त्यावरून खतावणी म्हणजे खातेवार मांडणी, शेवटी नफा-तोटा. शेतकऱ्याच्या पोरांना सांगितलं की आडतीवरची पट्टी आणा, हमाली तोलाई काय कापली ते बघा, त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ३८८० रुपये होता, तुमच्या एका क्विंटलला खर्च किती आला ते मांडा आणि मग सांगा बापाला परवडलं का नाही. बियाणं, खत, फवारणी सगळे लिहायचे, घरच्या माणसांची मजुरी कुणीच लिहायचं नाही. ती धरली की आकडा फिरायचा आणि पोरं फोन करून विचारायची, सर हे बरोबरए का?

आमच्या एका मुलीच्या वडिलांचा मंडप डेकोरेशनचा धंदा. लग्नाला पन्नास माणसांची मर्यादा, त्यामुळं मंडप कोण घेतंय, खुर्च्या, गाद्या, लाइटिंग सगळं गोडाऊनमध्ये पडून, उंदरं लागायलेली. तिनं मला विचारलं, "सर, उत्पन्न शून्य असलं तरी घसारा काढायचा का?" घसारा म्हणजे वापरानं, काळानं वस्तूची किंमत घटते ती. एवढ्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. स्थिर खर्च म्हणजे काय हे मी दरवर्षी फळ्यावर लिहायचो आणि पोरं वहीत उतरवायची, तिला ते गोडाऊनचं भाडं आणि टेम्पोच्या हप्त्यातून कळलं. तिचा रिपोर्ट हातानं लिहिलेला, ५० पानांचा, मी अजून ठेवलाय.

आता चूक.

प्रोजेक्टचं स्वरूप बदलतोय म्हणून मी संबंधित ऑफिसला फोन केला. समोरचा माणूस लई गोड बोलला. "काही अडचण नाही सर, परिस्थितीच तशीए, करून टाका." मी नाव विचारलं नाही. पत्र लिहिलं नाही. मेल केला नाही. प्राचार्यांना तोंडी सांगितलं, ते म्हणाले तुम्ही बोललात ना मग झालं. ४६ पोरांचे प्रोजेक्ट तपासले, मार्क भरून पाठवले आणि निवांत बसलो.

निकाल लागला तर आमच्या ४६ च्या ४६ पोरांचा निकाल राखीव. आधी वाटलं पोर्टलचा घोळ असेल. फोन केला तर कुणी उचलेना, म्हणून स्वतः गेलो, एका बाजूचे १३० किलोमीटर. तिथं कळलं की प्रोजेक्टला आस्थापनेचं प्रमाणपत्र जोडलेलं नाही, बदलाला मंजुरी नाही, म्हणून मार्क धरलेच नाहीत. मी म्हणालो तुमच्याच ऑफिसातून सांगितलं होतं. "कोण म्हणालं?" आता काय सांगू कोण म्हणालं. ज्यानं फोन उचलला असेल तो बहुतेक दुसऱ्या सेक्शनला गेलेला, आणि असता तरी कबूल झाला असता असं काही नाही.

पाच चकरा झाल्या मॅडम. एका टेबलावर म्हणायचे प्राचार्यांचं पत्र आणा. आणलं तर म्हणायचे हे आमच्याकडं नाही, वरच्या मजल्यावर. वर गेलं की साहेब मीटिंगला, नाहीतर जेवणाची सुट्टी, जी तिथं दीड वाजता सुरू व्हायची आणि कधी संपायची ते देवाला माहीत. चौथ्या चकरेला एकानं हळूच सुचवलं, मागच्या वर्षीची तारीख टाकून परवानगीचं पत्र आणा, फाइलला लावून टाकू. ते मी केलं नाही. फार प्रामाणिक आहे म्हणून नाही हो, आमच्या जावक रजिस्टरमध्ये त्या तारखांना एकसुद्धा ओळ मोकळी नव्हती, आमचा क्लार्क तेवढा कडक. शेवटी प्रत्येक पोराच्या दुकानदाराकडून, गिरणीवाल्याकडून सही-शिक्क्याचं पत्र गोळा केलं, ज्यांच्याकडं शिक्का नाही त्यांच्यासाठी ग्रामपंचायतीचा दाखला, आणि मग अकरा आठवड्यांनी निकाल सुटला.

ती मंडपवाल्याची मुलगी, तिला पुण्यात एका खाजगी बँकेत नोकरी लागली होती, मुलाखत ऑनलाइन झालेली, फक्त मार्कशीट द्यायची होती. त्यांनी एकदा मुदत वाढवून दिली, दुसऱ्यांदा नाही दिली. वडलांनी तिला आधीच सांगितलेलं होतं की नोकरी लागली तर दोन वर्षं थांबू. तुळशीच्या लग्नानंतर तिचं लग्न झालं. मंडप घरचाच होता. मी गेलो होतो, जेवलो, वडील म्हणाले सर तुमच्यामुळं पोरगी हिशोबाला पक्की झाली. मी काही बोललो नाही.

असो. तर तुम्ही काय करा ते सांगतो, माझं मत आहे, पटलं तर घ्या.

आजच्या आज एक पानाचं पत्र करा. पाल्हाळ लावू नका. पुरामुळं विद्यार्थ्यांना बाहेरच्या आस्थापनेत जाणं शक्य नाही, म्हणून फील्ड प्रोजेक्ट स्थानिक व्यवसायावर घेत आहोत, कंपनीच्या प्रमाणपत्राऐवजी व्यवसायमालकाचं पत्र जोडू, तास आणि गुणांकन तेच राहील, कृपया मान्यता कळवावी. खाली पोरांची यादी आणि कोण कुठल्या गावचं ते. प्राचार्यांची सही, जावक क्रमांक, आणि पोस्टानं न पाठवता हातानं नेऊन द्या, ओसीवर, म्हणजे आपल्याकडं राहणाऱ्या प्रतीवर, आवकचा शिक्का घ्या. तेच मेलवर पण टाका. आणि फोनवर जे बोलणं झालंय ना, त्याचाही एक वेगळा मेल करा, "अमुक तारखेला दुपारी दूरध्वनीवर झालेल्या चर्चेनुसार" असं सुरू करून, शेवटी "काही हरकत असल्यास आठ दिवसांत कळवावे" म्हणून. कायद्यात ह्याला किती किंमत ते वकिलाला विचारा, पण टेबलावर ठेवायला कागद होतो, आणि कागद दिसला की "कोण म्हणालं" हा प्रश्न कुणी विचारत नाही. विभागाची मीटिंग घेऊन इतिवृत्तातही ठराव घाला, तिघंच असला तरी घ्या, कॉलेजचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवायला होतोच.

दुकानदाराकडं लेटरहेड नसतं हे धरून चाला. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, असेल तर तो नंबर पत्रात घाला. नसेल तर पोरालाच करून द्यायला सांगा, सरकारी साइटवर फुकट होते, आधार, पॅन आणि मोबाइल लागतो. पाचशे-हजार घेणारे एजंट फिरत असतात त्यांच्या नादी लागू नका. साइट पण नीट बघा, सरकारीसारख्या दिसणाऱ्या बऱ्याच आहेत.

विषयाचं म्हणाल तर तुमच्याकडं यंदा आमच्यापेक्षा चांगला विषय आहे, वाईट अर्थानं चांगला. पुस्तकात आगीत जळालेल्या मालाचा विमा दावा हा चॅप्टर असतो बघा, दरवर्षी तेच गोडाऊन, तीच आग. तुमच्याकडं पाणी आलं, गणित तेच. बाजारपेठेतल्या एखाद्या भिजलेल्या दुकानात पोरांना पाठवा, वह्या वाहून गेल्यात, तर मागच्या वर्षीच्या ढोबळ नफ्याच्या टक्क्यावरून पुराच्या दिवशी माल किती होता ते काढायला लावा. विमा होता का, होता तर मालाच्या पूर्ण किमतीचा होता का कमीचा, कमीचा असला तर सरासरी कलम लागून, म्हणजे विमा जेवढा कमी त्या प्रमाणात, दावा किती कापला जाईल. बहुतेकांचा विमाच निघणार नाही, तोही निष्कर्षच आहे. आणि जो दुकानदार रेग्युलर जीएसटीत आहे त्याला विचारा की खराब झालेल्या मालावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, परत केलं का. कायद्याच्या कलम १७(५) मध्ये नष्ट झालेल्या मालाचं क्रेडिट मिळत नाही, हे कितीतरी जणांना माहीतच नसतं आणि दोन वर्षांनी नोटीस आली की कळतं. कंपोझिशनवाल्याला, म्हणजे उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला, हा प्रश्न नाही, त्याला क्रेडिटच नसतं. त्यात पुन्हा २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले, म्हणजे ऐन पावसाच्या आठवड्यात जुन्या एमआरपीचा माल, नवा दर आणि गुडघाभर पाणी. ह्याच्यावर पोरांनी चांगलं लिहिलं नाही तर मला सांगा. फक्त दुकानदाराला पोरांनी सल्ला देऊ नये, त्याला त्याच्या सीएकडं पाठवावं, नाहीतर उद्या तुमच्याच नावानं भांडायला येईल.

लॅब बुडालीय तर टॅलीचं, त्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं, टेन्शन घेऊ नका. त्याचा एज्युकेशन मोड फुकट चालतो, महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एन्ट्र्या घेतो, तर सगळे व्यवहार त्या तारखांना बसवून द्या, शिकायला तेवढं पुरतं. एका लॅपटॉपवर चार पोरं. आणि कृपा करून सगळं एमसीक्यूवर नेऊ नका. आमच्या कोरोना बॅचनं पर्यायावर टिक मारून डिग्री घेतली, त्यातल्या बऱ्याच जणांना पुढं एमकॉमला आल्यावर साधी जर्नल एन्ट्री लिहिता येईना, डावीकडं काय आणि उजवीकडं काय. हातानं लिहू द्या, फोटो काढून पाठवू द्या. ऊसतोडीला गेलेली पोरं पण एवढं करतात, फक्त रात्री आठनंतर, दिवसा फोन करून हजेरी मागू नका, कोयता हातात असतो.

परीक्षा शुल्काचं एक बघा. दुष्काळी सवलतींत परीक्षा शुल्क माफी असते, अतिवृष्टीच्या भागाला पण त्या सवलती लावल्यात. तुमचा तालुका यादीत आहे का ते तहसीलमधून लेखी घ्या आणि पोरांकडून फी भरून घेतली असेल तर परताव्याची यादी आत्ताच करा. नंतर बँक खाती जुळत नाहीत, कुणाचं जनधन बंद पडलेलं, कुणाचा मोबाइल चुलत्याच्या नावावर.

बीबीएच्या कमी झालेल्या अ‍ॅडमिशनबद्दल विचारलंय त्यावर मी गप्प बसतो. २०२४ ला त्याला सीईटी म्हणजे प्रवेश परीक्षा आली तेव्हा आमच्या भागातल्या पोरांना फॉर्मची तारीख गेल्यावर कळलं की सीईटी आहे, ह्यावर बोलायला लागलो तर रात्र जाईल. सीएचबीच्या त्या दोघांबद्दल मात्र एक सांगतो, प्रोजेक्टचं गाइड म्हणून त्यांची नावं घालणार असाल तर तासांची नोंद तुम्ही स्वतः करून सही करून ठेवा. आमच्या सीएचबीवाल्यांनी लॉकडाऊनमध्ये महिनोन्महिने फुकट शिकवलं आणि बिल लावायची वेळ आली तेव्हा प्रत्यक्ष तासिका दाखवा म्हणाले. एक जण त्या वर्षी भाजी विकत होता, नेट-सेट पास माणूस.

पत्राचा नमुना पाहिजे असला तर खाली लिहा, टाइप केलेला आहे, नावगाव काढून टाकतो. आणि आवकचा शिक्का मारून घेताना तारीख उमटली का ते तिथंच उजेडात बघा. त्या ऑफिसातल्या पॅडची शाई कायम सुकलेली असते, आमच्या एका ओसीवर नुसता गोल आलाय, तारीख नाहीच. दुसऱ्यांदा मारायला लावा, कितीही तोंड वाकडं केलं तरी.