आयएनएस कोलकाता, कोची, विशाखापट्टणम ही जहाजं त्या त्या शहरातच बांधतात का?

नाही हो, नावाचा आणि जहाज कुठे बांधलं याचा काही संबंध नाही. आयएनएस मुंबई मुंबईत बांधली हे खरंय, पण आयएनएस दिल्लीसुद्धा इथलीच, दिल्लीला कुठला समुद्र! तुम्ही विचारलेल्या कोलकाता, कोची, विशाखापट्टणम तिन्ही मुंबईतल्या माझगाव डॉकच्या. १९९७ च्या दिल्लीपासून ते जानेवारी २०२५ मध्ये नेव्हीत आलेल्या सुरतपर्यंत, मैसूर, चेन्नई, इम्फाळ सगळ्या धरून, अशा दहा विनाशिका (डिस्ट्रॉयर हो) झाल्या आणि दहाच्या दहा हार्बर लाइनच्या डॉकयार्ड रोड स्टेशनपासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर बनल्यात.

माझे वडील डॉकात फिटर होते, आता रिटायर झाले. त्यांच्या तोंडी जहाजाचं नाव क्वचितच यायचं, यार्ड नंबरच (डॉकाने बांधणीसाठी दिलेला नंबर) असायचा. सुरत म्हणजे १२७०७, तसं. नावाच्या आधी आयएनएस लागतं ते नेव्हीत रीतसर दाखल झाल्यावर, तोपर्यंत ती डॉकाचीच. आणि पेपरात नारळ फोडून जहाज पाण्यात सोडल्याचा फोटो आला की लोकांना वाटतं झालं काम, पण तेव्हा ते बरंचसं पोकळ खोकं असतं, खरं काम त्यानंतर. केबल, पाइप, टर्बाइन, रडार, मिसाइल, मग समुद्रात नेऊन ट्रायल. आयएनएस कोलकाता २००६ ला पाण्यात उतरली आणि नेव्हीत आली ऑगस्ट २०१४ ला, मोजा वर्षं.

नावं नेव्ही ठरवते आणि त्यात एक पद्धत आहे. हल्लीच्या विनाशिकांना शहरांची, फ्रिगेटना (विनाशिकेपेक्षा जरा लहान युद्धनौका) डोंगर, नद्या नाहीतर शस्त्रांची (निलगिरी, गोदावरी, तलवार). त्याआधी सोव्हिएत युनियनकडून घेतलेल्या विनाशिका होत्या त्यांना राजपूत, राणा, रणजित अशी लढवय्यी नावं होती. आणि जुनं जहाज निवृत्त झालं की त्याचं नाव पुढच्याला देतात, त्यामुळे दिल्ली आणि मैसूर ही नावं मुळात ब्रिटिशांकडून घेतलेल्या दोन क्रूझरची (मोठ्या तोफांच्या युद्धनौका). त्यातल्या जुन्या मैसूरने १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटाच्या कारवाईत भाग घेतला होता.

गोव्यावरून आठवलं, आयएनएस मोरमुगाव. गोवा शिपयार्ड आहे वास्कोला, म्हणजे मुरगाव तालुक्यातच, तरी मोरमुगाव बांधली माझगावातच! निदान पहिल्यांदा ट्रायलला समुद्रात काढली ती १९ डिसेंबर २०२१ ला, गोवा मुक्तीला बरोबर ६० वर्षं झाली त्या दिवशी, तेवढं गोव्याचं देणं फेडलं म्हणायचं.

म्हणजे बाकीच्या शहरांत काही होत नाही असं नाही हां. विक्रांत, २६२ मीटरची विमानवाहू, ती कोचीची. कोलकात्याचं गार्डन रीच शिपयार्ड फ्रिगेट बांधतं, नव्या निलगिरी वर्गाच्या सातपैकी तीन तिकडे आणि चार माझगावला. विशाखापट्टणमचं हिंदुस्थान शिपयार्ड सुरू केलं आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी, १९४१ मध्ये, ब्रिटिश राज्यात, आणि १९४८ ला तिथलं पहिलं जहाज जलउषा पाण्यात उतरलं तेव्हा नेहरू गेले होते. हे आपल्याकडे कुणी फारसं सांगत नाही.

मला सगळ्यात आवडते ती सुरतची गोष्ट. मुंबईत मोठी जहाजं बांधायला लागले तेच मुळी सुरतेच्या माणसामुळे. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ च्या सुमारास सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या पारशी सुताराला इकडे आणलं, आणि पुढे त्याच्या घराण्याने पिढ्यानपिढ्या सागवानाची जहाजं बांधली, त्यातलं १८१७ चं ट्रिंकोमाली अजून इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर उभं आहे, दोनशे वर्षं उलटून गेली तरी. वाडियांची गोदी वेगळी, ती फोर्टकडे, आता नेव्हीच्या ताब्यात, माझगाव डॉक नव्हे, लोक दोन्हीची गल्लत करतात. तरी सुरतेचा सुतार मुंबईत आला आणि पावणेतीनशे-तीनशे वर्षांनी मुंबईने सुरतेच्या नावाचं जहाज बांधलं, हिशोब फिटला की.

आणि तुम्ही आयएनएस मुंबई बघायला मुंबईत येणार असाल तर थांबा. ती २०२३ च्या डिसेंबरात पूर्व ताफ्यात गेली, म्हणजे विशाखापट्टणमला. आयएनएस विशाखापट्टणम मात्र पश्चिम ताफ्यात, म्हणजे मुंबईत.