८० लिटरच्या रीफ (पोवळ्यांच्या, खाऱ्या पाण्याच्या) टाकीत दोन क्लाउनफिशबरोबर टेलस्पॉट ब्लेनी ठेवता येईल का?

हो, बिनधास्त ठेवा, फक्त टाकी नवीकोरी नको. टेलस्पॉट म्हणजे जेमतेम ६ सेंटीमीटरची मासळी. पोहत फिरण्यापेक्षा दगडातल्या बिळात शेपूट घालून नुसतं डोकं बाहेर काढून बसणं तिला आवडतं. क्लाउनफिश मोकळ्या पाण्यात, ही दगडावर, त्यामुळे जागेवरून सहसा वाद होत नाही.

खरा प्रश्न पोटाचा आहे. दगडांवर आणि काचेवर चढणारा शेवाळाचा पातळ थर ती कंगव्यासारख्या बारीक दातांनी खरवडते. काचेवर ओठांचे छोटे गोल ठसे दिसले, की समजायचं बाई जेवतायत! नव्या टाकीत खरवडायला काहीच नसतं आणि पोट खपाटीला जातं. म्हणून टाकी पाच-सहा महिने मुरू द्या, वर नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) किंवा स्पिरुलिनाचं (सूक्ष्म शेवाळाचं) खाद्य द्या. विकत घेताना दुकानदाराला समोर खायला घालायला सांगा. पोट आत गेलेली नको.

एक अट मात्र आहे: याच टाकीत दुसरी ब्लेनी सोडू नका, आपल्यासारखीच दिसणारी शेजारीण तिला खपत नाही. भुकेली राहिली तर एखादी पोवळ्यांनाही तोंड लावते. वर जाळीचं झाकण हवंच, कारण दचकली की उडी मारते. आणि दुकानात ‘ब्लेनीच आहे’ म्हणून ‘लॉनमोवर’ ब्लेनी गळ्यात मारली तर घेऊ नका. ती १४ सेंटीमीटरपर्यंत वाढते, ८० लिटरमध्ये उपाशी मरेल.