अंटार्क्टिकाचा अंदाज वाचायला शिकताना

संगणकी हवामान-मॉडेलचा नकाशा उघडलास की आधी वारा बघू नकोस, मॉडेल ज्या बिंदूंच्या जाळीवर हिशोब करतं, त्यातल्या दोन बिंदूंमधलं अंतर बघ. अंटार्क्टिकाच्या पठारावरची थंड, जड हवा उतारावरून किनाऱ्याकडे घरंगळत येते आणि दऱ्यांमध्ये तिचा जोर वाढतो. जाळी विरळ असेल तर त्या दऱ्या मॉडेलच्या जमिनीत सपाट झालेल्या असतात, मग वारा कमी दाखवला जाणारच. म्हणून तर २००० साली अमेरिकी मोहिमांसाठी 'अ‍ॅम्प्स' ही हवामान-अंदाजाची खास प्रणाली सुरू झाली. मॅकमर्डो या अमेरिकी तळावर उतरणाऱ्या विमानांना असा बारीक अंदाज लागतो.

दुसरी गोष्ट दिशेची, इथे बहुतेक नवखे गोंधळतात. दक्षिण ध्रुवावर उभं राहिलं की प्रत्येक वारा उत्तरेकडूनच येतो! तिथे ग्रिनिच रेखावृत्ताला 'उत्तर' धरून दिशा सांगतात. वैमानिकाशी बोलण्याआधी कोणती उत्तर, खरी की ही ठरवलेली, हे विचारून घे.

स्वयंचलित हवामान केंद्राचे आकडे मॉडेलशी रोज ताडून बघ, पण आंधळेपणाने नको. वारा तासन्‌तास नेमका शून्य दिसला, तर शांतता आहे असं समजू नकोस. वातमापकावर हिम गोठून तो अडकलेला असू शकतो. शेजारचं केंद्र आणि हवेचा दाब बघितल्याशिवाय मी तरी त्या शून्यावर विसंबत नाही.

आणि एकाच अंदाजावर हेलिकॉप्टर सोडायला सांगू नकोस. लागोपाठच्या दोन-तीन अंदाजांत वादळाची वेळ मागेपुढे होत असेल, तर तंबूतल्या माणसांना तसं स्पष्ट सांग.