105 अंशांवर एन्झाइम टिकतं कसं?

प्रश्न: मॅडम, मी जळगावला बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. करते. प्रॅक्टिकलला लाळेतलं अमायलेज, म्हणजे स्टार्च तोडणारं एन्झाइम, 37 अंशांना छान चाललं, 70 ला बंद पडलं. स्टार्च कारखान्यात मात्र 105 अंशांवर अमायलेज वापरतात असं वाचलं. ते टिकतं कसं, आणि त्याची परीक्षा घ्यायची कशी?

उत्तर: तुमचं प्रॅक्टिकल बरोबरच आलं. कारखान्यातलं अमायलेज बहुधा बॅसिलस लायकेनिफॉर्मिससारख्या जिवाणूचं असतं, त्याची घडणच उष्णता सोसणारी.

मी मक्याच्या स्टार्च कारखान्याच्या लॅबमध्ये होते. 30 ते 35 टक्के घन असलेली स्लरी, म्हणजे पाण्यात कालवलेलं स्टार्च, पीएच सहाच्या आसपास. एन्झाइम घालून ती जेट कुकरमध्ये सोडली की थेट वाफेने क्षणात 105 अंशांवर जाते. तिथे फक्त पाच-सात मिनिटं, मग 95 अंशांवर दीड-दोन तास. पांढऱ्या टाइलवर आयोडीनचा थेंब टाकून आम्ही बघत बसायचो. निळा रंग जाऊन तांबूस झाला की जिवात जीव यायचा, कारण स्टार्च तुटलं नाही तर सगळी खळ घट्ट होऊन पंप अडतो.

म्हणून ‘कोणत्या तापमानाला सर्वांत जोरात चालतं’ हा आलेख इथे अपुरा पडतो. ते किती वेळ तग धरतं, ते मोजा. अर्धं बळ उरायला लागणारा वेळ, म्हणजे हाफ-लाइफ, काढा. आणि नुसत्या बफरमध्ये, म्हणजे पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात, मोजून थांबू नका! दाट स्टार्च स्वतःच एन्झाइमला सांभाळून घेतं, कॅल्शियमही त्याच्या रचनेला टेकू देतं.

कॉलेजात हे जमेल. औद्योगिक अमायलेज घ्या. एक संच बफरमध्ये, दुसरा 30 टक्के माल्टोडेक्स्ट्रिनमध्ये (अर्धवट तुटलेलं स्टार्च), दोन्ही 90 अंशांच्या वॉटर बाथमध्ये. ठरावीक वेळाने नमुना काढून लगेच बर्फात ठेवा, भरपूर पातळ करा, मग नेहमीच्या पद्धतीने उरलेली ॲक्टिव्हिटी बघा. डीएनएस (साखर रंगावरून मोजायचं रसायन) वापरणार असाल तर एन्झाइम न घातलेला कोरा नमुना हवाच, माल्टोडेक्स्ट्रिनही रंग देतं. जमल्यास दोन्ही संच कॅल्शियम घालून आणि न घालता करा.

कॅल्शियमचा डोस मात्र जपून. फ्रुक्टोज सिरप करताना पुढे ग्लुकोज आयसोमरेज, म्हणजे ग्लुकोजचं फ्रुक्टोज करणारं एन्झाइम, लागतं. त्याला मॅग्नेशियम हवं असतं, कॅल्शियमने ते मंदावतं. म्हणून मधे आयन-एक्स्चेंज रेझिनने, म्हणजे क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांनी, कॅल्शियम काढून टाकावं लागतं.